दोन गोल सोडून

२८ मार्च, सकाळ

सगळं बंद. दुकानं बंद, ऑफिसं बंद, लिफ्ट बंद (ती आधीपासूनच बंद होती). घराबाहेर पडायचं नाही. पडलंच तर तोंडावर मास्क आणि माणसामाणसांत सहा फूट अंतर. लोकांना हे जमेल असं वाटत नाही. इथे रांग म्हणजे पुढच्याच्या खांद्यावर हनुवटी टेकायची सोय.

मला मात्र अडचण नाही. निवृत्त झाल्यापासून मी तसाही घरातच असतो. फरक एवढाच, की आता त्याला देशसेवा म्हणतात.

संकल्प. पहाटे पाचला उठायचं. गच्चीवर तासभर चालायचं. दुपारची झोप पूर्ण बंद. फ्रेंच शिकायचं. (निरोप समारंभात ऑफिसने पुस्तक दिलं होतं. वरचं प्लॅस्टिक अजून तसंच आहे, म्हणजे पुस्तक नवंच आहे.) सगळं उद्यापासून. आज डोकं जड आहे.

२८ मार्च, संध्याकाळ

अंगणात बिल्डिंगची मीटिंग. अंतर कसं ठेवायचं यावर चर्चा, आणि सगळे एकमेकांना चिकटून उभे. शेवटी मलाच पुढे व्हावं लागलं. म्हटलं, मी वजनमापे खात्यात इन्स्पेक्टर होतो. माझ्या शिक्क्याशिवाय या भागातला एक तराजू हलत नव्हता. (प्रत्यक्ष मोजायचं काम शिपाई करायचा, पण शिक्का माझा.) शिस्त समिती स्थापन करा. केली. अध्यक्षपदी एकमताने मी. तिसऱ्या मजल्यावरचे वकील म्हणाले की एवढा रिकामा वेळ दुसऱ्या कोणाकडेच नाही. खरं आहे. सार्वजनिक कामाला वेळ द्यावा लागतो.

समितीचे सदस्य : मी. हाताखाली वॉचमन.

२९ मार्च

पाचचा गजर झाला. बंद केला. दिवसभर अंगमेहनत होती, ताकद राखून ठेवायला हवी, म्हणून आठला उठलो.

भाजीचा टेम्पो फाटकाशी थांबतो. फाटकापासून पंपाच्या खोलीपर्यंत जमिनीवर पांढरे गोल काढायचे, प्रत्येक गोलात एक माणूस. कल्पना माझी. सहा फूट म्हणजे बाहत्तर इंच, हे मी झोपेतही सांगेन. टेप हिची घेतली. ही घरी शिवणकाम करते, सध्या मास्क शिवते, टेप कायम गळ्यात. देता देता सांगू लागली की ही टेप अपुरी पडेल, दोनदा लावा, की असंच काहीतरी. मी हात वर करून थांबवलं. ज्याची हयात मापात गेली त्याला टेप कशी धरायची हे घरात शिकवू नये.

शिवणाची टेप अजब चीज आहे. एका बाजूला आकडे साठावरच संपतात. बाहत्तर सापडेना. वॉचमनने उलटी करून दिली, तर त्या बाजूला आकडेच आकडे, थेट दीडशेपर्यंत. बाहत्तर मिळाला. तिथे खूण, बादली पालथी, भोवती रंग. पुन्हा बाहत्तर, पुन्हा बादली. दुपारपर्यंत पंपाच्या खोलीला भिडलो. प्रत्येक गोलात नंबर टाकले.

सहा फूट मला वाटलं होतं त्याहून बरंच कमी निघालं. सहा फुटी जवान वगैरे आपण ऐकत आलो, प्रत्यक्षात विशेष काही नाही. लोक उगाच बाऊ करतात. फायदा असा की अख्खी बिल्डिंग रांगेत उभी राहिली तरी शेपूट रस्त्यावर जात नाही.

कंबर धरली आहे. गच्ची उद्यापासून.

१ एप्रिल

संपूर्ण यश! लोकांना दोष देण्यात अर्थ नाही, त्यांना नेतृत्व मिळत नव्हतं. आज एकूण एक माणूस आपापल्या गोलात. कुरकुर नाही. उलट मजेत गप्पा. चौथ्या मजल्यावरच्या मावशी तर दोन नंबरमधून तीन नंबरच्या कानात काहीतरी सांगत होत्या, आणि दोघीही गोलाबाहेर पाय न टाकता. याला म्हणतात शिस्त.

मी खुर्ची टाकून पंपाच्या खोलीच्या सावलीत बसतो. शिट्टी आहे. ठमीच्या शाळेतल्या खेळांच्या वेळची, ड्रॉवरमध्ये सापडली. (ठमी म्हणजे आमची लेक. मोठ्या हॉस्पिटलात नर्स आहे. खरं नाव वेगळं आहे, पण लहानपणी गाल फुगवून बसायची म्हणून ठमी.) मी चहाला वर गेलो की शिट्टी वॉचमनकडे. तो नाश्त्याला गेला की माझ्याकडे. शर्टाला पुसून घेतो, स्वच्छतेच्या बाबतीत तडजोड नाही.

३ एप्रिल

कठोर निर्णयाचा दिवस.

ठमी परवापासून नव्या वॉर्डात आहे, तोच, कोरोनाचा वॉर्ड. घरी येते ती थेट बाथरूममध्ये आणि मग तिच्या खोलीत. आज वकिलांनी जिन्यात विचारलं की ठमी कशी आहे. साधाच प्रश्न, पण वकील आहेत, त्यांचे साधे प्रश्न मी ओळखतो. उद्या म्हणतील, अध्यक्षांचा नियम शेजाऱ्याला आणि सूट लेकीला. तेव्हा त्यांनी बोट दाखवायच्या आत मीच बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकलं : हॉस्पिटलात काम करणाऱ्यांनी पुढील सूचनेपर्यंत बिल्डिंगमध्ये राहू नये, हॉस्टेलवर सोय करावी. खाली नाव, हुद्दा. असे बिल्डिंगमध्ये एकच आहे, ती गोष्ट वेगळी. कायदा सर्वांना समान.

वकिलांनी लगेच लिहिलं की त्यांच्या मनात असं काहीच नव्हतं, पोरीला येऊ द्या. पण आता मागे हटलो तर शब्दाला किंमत काय राहील.

मग ठमीला फोन केला. ती काही बोलू लागली, पण म्हटलं आधी माझं ऐक. कर्तव्य, समाज, आदर्श असं बरंच बोललो. बोलता बोलता माझाच आवाज चिरकला. ती म्हणाली, बरं बाबा. एवढंच.

ही माझ्याशी बोलत नाही. पण ठमीच्या कपड्यांची पिशवी मात्र आधीच भरून मशीनशेजारी ठेवलेली दिसली. म्हणजे मनातून तिलाही पटलं असावं.

घर रिकामं वाटतं. तात्पुरतं आहे.

५ एप्रिल, रविवार

ठमी पिशवी न्यायला आली. मास्कवर डोळे तेवढे दिसत होते. लाल. ती फाटकाशी एक नंबरच्या गोलात उभी राहिली, ते बरोबर. ही खाली गेली. मी खुर्चीवरून सांगितलं, दोन नंबरमध्ये उभी राहा. तर ठमीने हाताचा पंजा वर केला आणि आईला मागे हो, मागे हो केलं. दोन नंबर नाही, तीन नंबर नाही, चार नंबरमध्ये गेल्यावर पंजा खाली आला. मधले दोन गोल रिकामे! मी शिट्टी मारली. दोघींनी ऐकलं नाही. हिने पिशवी दोन नंबरमध्ये ठेवली, परत चारमध्ये येऊन उभी राहिली, मग ठमीने पिशवी उचलली.

रुसली आहे. त्या निर्णयाचा राग. माझ्यावर असेल तर समजू शकतो, पण जन्म दिलेल्या आईला पंजा दाखवून लांब ठेवायचं? लहानपणी गाल फुगायचे, आता हात वर होतो. जाताना माझ्याकडे बघून हात हलवला. मी अध्यक्ष म्हणून बसलो होतो, मान हलवली.

दुपारी झोपलो. झोप नव्हे, पडलो होतो.

८ एप्रिल

नियम पाळणाऱ्यांच्या बिल्डिंगमध्ये एक तरी खडा निघतोच. पहिल्या मजल्यावरचे मास्तर. निवृत्त शिक्षक, घरी म्हातारी आई अंथरुणाला खिळलेली. आजवर कधी चढ्या आवाजात बोललेले नाहीत. ते आज पुढच्या माणसामागे दोन गोल रिकामे सोडून उभे! त्यांच्या मागच्यांनीही त्यांचं पाहून तसंच केलं आणि रांगेचं शेपूट पंपाच्या खोलीला वळसा घालून सायकलींमध्ये शिरलं. माझी खुर्ची उचलावी लागली.

मी सांगितलं, एकही गोल रिकामा राहता कामा नये. रंग काय फुकट आला आहे? मास्तर म्हणाले की मी आपला इथेच बरा, आईचं बघावं लागतं. मी म्हटलं, आईचंच बघताय ना, मग नियम पाळा, पुढे सरका. शिट्टी मारत राहिलो. मावशी म्हणाल्या, सरका हो मास्तर, तिथून तुमचं काही ऐकू येत नाही. शेवटी ते रांग सोडून भाजी न घेताच वर गेले.

वाईट वाटलं. पण एकाला सूट दिली की पालथ्या घड्यावर पाणी.

१० एप्रिल

मास्तरांनी खिडकीतून दोरीला टोपली बांधून सोडली. टेम्पोवाल्याने त्यात भाजी टाकली. अंगणात पाऊल नाही, गोलांचा अवमान. नोटीस बोर्डावर त्यांचं नाव लावलं : शिस्तभंग.

फ्रेंचचं प्लॅस्टिक काढलं. आत वास छान आहे.

१२ एप्रिल, रविवार

ठमी आली. तोच पंजा, तेच दोन रिकामे गोल. त्यात आज कहर. मी शिट्टी मारत होतो तर तिने भर अंगणात ओरडून सांगितलं, बाबा, मास्क नाकावर घ्या. सगळे बघायला लागले. मास्क हनुवटीवर असण्याला कारण आहे. मास्क लावून शिट्टी वाजत नाही. मी दोनदा प्रयत्न केला होता, मास्कच फुगतो. पण हे तिला कोण समजावणार? शिट्टी दाखवली. तर दोन्ही हात जोडून म्हणाली, ती शिट्टी आधी टाकून द्या. तिचीच लहानपणची शिट्टी. आठवणसुद्धा नको झाली तिला.

वकील गॅलरीतून म्हणाले, लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

मला तिच्याशी बोलायचं होतं. जेवतेस का, झोपतेस का, एवढंच. पण सगळ्यांसमोर इतक्या लांबून बापाने ओरडून काय विचारायचं? पुढच्या रविवारी विचारीन.

१५ एप्रिल

वॉचमनला खोकला. शिट्टी वाजवून घसा बसला असणार. त्याला आराम दिला आणि शिट्टीची पूर्ण ड्यूटी स्वतःकडे घेतली. नेत्याने पहिला भार उचलावा.

थकवा आहे. अध्यक्षपद हे काही बसून करायचं काम नाही, जरी मी बसूनच करतो.

१८ एप्रिल

वाईट बातमी. वॉचमन पॉझिटिव्ह, त्याला दवाखान्यात हलवलं. मावशी आणि त्यांचे यजमान पॉझिटिव्ह. दुसऱ्या मजल्यावर दोन घरं. फाटकाला पट्टी लागली, आता भाजीसुद्धा बंद.

कसं झालं? एवढी कडक शिस्त असताना? रांगेत जे जे गोल न चुकवता उभे राहिले त्यांनाच नेमकं झालं, आणि मास्तरांना काही नाही! म्हणजे बघा. शिस्त मोडणारा एक आणि भोगणारे बाकीचे. ग्रुपवर तसं लिहिलं. वकिलांनी उत्तर दिलं, चोर सोडून संन्याशाला फाशी. यात चोर कोण ते त्यांनी लिहिलं नाही. मलाही विचारावंसं वाटलं नाही.

२० एप्रिल

फिनेलला वास नाही. बाटली नाकाशी धरली, काही नाही. पाणी घालून विकतात. मी खात्यात असतो तर दुकानाला सील ठोकलं असतं. कंपनीला तक्रार लिहायला बसलो, पण हात जड वाटले.

चहालाही वास नाही. हिला म्हटलं, पावडर बदलली का. ही उठून उभी राहिली आणि मागे मागे सरकत भिंतीला टेकली. मग ठमीला फोन लावला.

२१ एप्रिल

पॉझिटिव्ह. ही निगेटिव्ह. देवाची कृपा, आणि ती म्हणते, मास्कची.

ठमीच्या खोलीत मला ठेवलंय. तिच्या भिंतीवर वॉर्डातल्या मुलींचा फोटो आहे, सगळ्या हसताहेत. ठमी कालपासून सारखी फोन करते. बोटाला लावायचं यंत्र पाठवलंय, त्यावरचा आकडा विचारते, पाणी किती प्यालात विचारते. आवाज वेगळाच असतो, मला ऑर्डर दिल्यासारखा. मी म्हणतो, हो. पालथं झोपा म्हणाली, हो म्हटलं. पालथं झोपल्यावर श्वास कोंडतो असं मला वाटतं, तेव्हा उताणाच झोपलो. पुढच्या फोनवर तिने आकडा विचारला. मी सांगितला. तिने तो पुन्हा विचारला. मग म्हणाली, बाबा, पालथे व्हा, मी फोन चालू ठेवते. झालो. पंधराएक मिनिटांनी आकडा चढला. तिने श्वास सोडलेला मला ऐकू आला.

घाबरलो होतो. इथे लिहायला हरकत नाही.

२३ एप्रिल

ताप उतरला, आता चिडचिड.

हिने माझ्या कॉटपासून जमिनीवर शिवणाच्या खडूने एक रेघ मारली आहे. ताट त्या रेघेवर ठेवते आणि त्यापलीकडे उभी राहते. रेघ कुठे? खोलीच्या दाराबाहेर, पॅसेजमध्ये! मी म्हटलं, हे दहा फूट झाले, मी काही वाघ नाही. ही म्हणाली, सहा आहेत. मी म्हटलं, सहा फूट केवढे असतात हे मला सांगू नकोस, अख्ख्या अंगणात मी आखलेत. तिने गळ्यातली टेप काढून जमिनीवर ठेवली आणि पोछ्याच्या दांड्याने माझ्याकडे सरकवली.

मोजलं. कॉटपासून सुरुवात केली. टेप संपली तरी रेघ आली नाही. म्हटलं, बघ, बाहत्तर तर केव्हाच मागे पडला. ती दारातून म्हणाली, बाजू बदला. बदलली. त्या बाजूला टेप साठावर संपते. बोट ठेवून टेप पुढे घेतली. आणखी बारा. साठ आणि बारा.

बरोबर रेघेवर.

मग कॉटवर बसून टेप हातात घेतली. एका बाजूला इंच लिहिलंय, दुसऱ्या बाजूला सेंटिमीटर. बारीक अक्षरात, पण लिहिलंय. माणसाने आकडा बघायचा की अक्षरं? बाहत्तर तो बाहत्तर. कसला बाहत्तर हे बघायचं काम ऑफिसात शिपाई करायचा.

जेवण गेलं नाही.

२४ एप्रिल

मनात हिशेब चालू आहे, थांबतच नाही. एका गोलापासून दुसरा गोल, सव्वादोन फुटांच्या वर थोडा. म्हणजे मावशी तीन नंबरच्या कानात सांगत होत्या त्यात कसब काहीच नव्हतं. आणि मास्तरांनी दोन गोल रिकामे सोडले, तर मधलं अंतर सात फूट. सात. मी त्यांना शिट्टी मारून पुढे ढकलत होतो. नाव बोर्डावर लावलं.

आणि ठमीचा पंजा.

दुपारी हिला रेघेपलीकडे बसवून विचारलं, तुला कधीपासून ठाऊक होतं. म्हणाली, टेप देतानाच सांगत होते, तुम्ही हात वर केला. नंतर मला वाटलं नीटच मोजलं असेल, मी काही अंगणात मोजायला गेले नाही. पहिल्या रविवारी स्वतः गोलात उभी राहिली तेव्हा ठमीने एका नजरेत ओळखलं. त्याच संध्याकाळी तिचा फोन आला, की गोल चुकलेत, तू चार नंबरच्या पुढे येऊ नकोस, मास्तरांच्या घरी म्हातारं माणूस आहे, त्यांनाही हळूच सांग. मी विचारलं, मग मला का नाही सांगितलं? ही म्हणाली, दोनदा सांगितलं. तुम्ही म्हणालात, गोलांबद्दल घरात चर्चा नको, मीटिंगमध्ये मुद्दा मांड. ठमी म्हणाली होती की मीच फोनवर समजावते बाबांना. तिने तीन वेळा फोन केला. तुम्ही दर वेळी कामात आहे म्हणून ठेवलात. मग तीच म्हणाली की चारचौघांत बोलू नकोस, आई. म्हातारपणी एवढं एक काम मिळालंय त्यांना.

रुसली नव्हती.

ही अजून बसली होती. म्हणून आणखी एक विचारलं. म्हटलं, हॉस्टेलचा तो नियम, त्याचा तरी राग आलाच असेल ना? ही हसली. बऱ्याच दिवसांनी. म्हणाली, कसला नियम? त्या दिवशी सकाळीच तिचा फोन आला होता, की आई, मी वॉर्ड संपेपर्यंत हॉस्टेललाच राहते, घरी तुम्ही दोघं आहात, पिशवी भरून ठेव. तुम्ही फोन केलात तेव्हा हेच सांगणार होती. तुम्ही म्हणालात, आधी माझं ऐक.

म्हणजे अख्ख्या बिल्डिंगमध्ये जिला नियमाची गरज नव्हती, तिच्यावर मी नियम केला. बाकी कोणाला तो लागूच नव्हता.

भिंतीकडे तोंड करून पडलो. फोटोतल्या मुली हसत होत्या.

६ मे

बरा. वॉचमन परत आला, बारीक झालाय. मावशी आणि यजमानही आले. मावशींचा आवाज पूर्वीसारखाच आहे, यजमानांना जिना चढताना मध्ये थांबावं लागतं. मी दारातून बघतो. ते थांबतात तेव्हा मी दार लावून घेतो.

बोर्डावरून मास्तरांचं नाव काढलं. टाचणी नीट निघेना, कागद फाटला. त्यांना सॉरी म्हणायला पहिल्या मजल्यापर्यंत गेलो. दार बंद होतं. आतून म्हातारीचा आवाज आला, कोण आहे रे. मास्तर म्हणाले, कोणी नाही गं आई. मी वर आलो. बेल मारली नव्हती हेही खरं.

ग्रुपवर सूचना टाकली : वाढता धोका लक्षात घेता समितीने अंतर वाढवण्याचा निर्णय घेतला आहे. प्रत्येकाने दोन गोल सोडून उभं राहावं. सर्वांनी अंगठे टाकले. वकिलांनीसुद्धा. एरवी त्यांच्या अंगठ्याची मी वाट बघत बसलो असतो. लोक चांगले आहेत. त्यांना सगळं ठाऊक आहे असं वाटतं.

दुसरी सूचना : हॉस्पिटल कर्मचाऱ्यांबाबतचा नियम तात्काळ रद्द. ठमीला फोन करून सांगितलं. म्हटलं, आता तू घरी ये. ती म्हणाली, आत्ता नको बाबा, वॉर्ड भरलाय, तुम्ही नुकतेच उठलाय. वॉर्ड संपला की येते. मी म्हटलं, पण नियम रद्द झालाय. ती म्हणाली, हो ना, बरं झालं.

नव्याने गोल काढायला रंगाचा डबा आणला वर. रंग सुकलाय. म्हणजे चमच्याने ढवळला तर होईल, पण कंबर.

राजीनामा लिहिला. कोणाला द्यायचा कळेना. समितीत मीच.

१० मे, रविवार

पाचला जाग आली. गजराशिवाय. गच्चीवर गेलो नाही, गॅलरीत उभा राहून फाटकाकडे बघत बसलो.

ठमी येणार होती. खुर्ची खाली नेली नाही. शिट्टी तर ही केव्हाच कचऱ्यात टाकून मोकळी झाली. मास्क हिने नवा दिला, नाकावर तार असलेला. पहिल्यांदा खरंच नाकावर लावला. चष्म्यावर वाफ येते. कोणी सांगितलं नव्हतं.

ती आली, एक नंबरमध्ये उभी राहिली. किती वाळली आहे. कपाळावर मास्कच्या पट्ट्यांचे आणि चष्म्याचे वळ. आज ही म्हणाली, तुम्ही पुढे व्हा. मी आजवर त्या गोलांमध्ये एकदाही उभा राहिलो नव्हतो. पायाखाली नंबर बघत चारपाशी गेलो. मग वाटलं, चार पुरेल ना? माझ्या मापाचा काय भरवसा. पाचमध्ये गेलो. मग सहा. मागे मागे सरकत पार पंपाच्या खोलीच्या भिंतीला पाठ लागली.

तिथून विचारलं, जेवतेस का. तिने कानाला हात लावला. जरा मोठ्याने विचारलं, झोपतेस का. मास्कमधून शब्द गेलेच नसावेत. मावशी खिडकीत आल्या. वकील गॅलरीत. मास्तरांची टोपली अर्ध्यात थांबली. मला काय करावं कळेना. भिंतीला टेकून तसाच उभा.

ठमी म्हणाली, बाबा, इतकं लांब कशाला, काहीच ऐकू येत नाही, या पुढे. मी म्हटलं, किती पुढे. ती म्हणाली, या तर, मी सांगते.

एकेक गोल पुढे आलो. वाफेमुळे नंबर दिसत नव्हते, म्हणून खाली बघितलंच नाही, तिच्याकडे बघत आलो.

तिचा पंजा वर झाला तिथे थांबलो.